स्पीकर कशावर ठेवाल?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत आला आणि खिन्नपणे म्हणाला, "सर, दोन वर्षे पैसे साठवून स्टिरिओ घेतला, पण स्पीकर वाईट निघाले. अभंग लावला की नुसते घुमते. आजोबांना एक शब्द कळत नाही. विकून टाकावेत म्हणतो."

सोलापूरच्या पूर्व भागात त्याचे घर. आजोबांनी चाळीस वर्षे यंत्रमागावर काढलेली. मागांच्या खडखडाटात इतकी वर्षे काम केले की कान अधू होतात, हे त्या भागात कुणाला नवे नाही. त्यामुळे घरात दोन तट पडले होते. नातू म्हणे, स्पीकर खराब आहेत; बाकीचे म्हणत, आजोबांचे कान आता पार गेले.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. समोरची खोली दहा फूट बाय बारा फूट. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर सतरंजी, भिंतीशी गादी आणि लोड. एका कोपऱ्यात लोखंडी कपाट, दुसऱ्या कोपऱ्यात तेवढ्याच उंचीची मांडणी, आणि दोघांच्या माथ्यावर एकेक स्पीकर. घरात तीन वर्षांची नात होती. तिचा हात पोचू नये म्हणून ही व्यवस्था.

मी दोन्ही स्पीकर खाली उतरवले, दोन स्टुलांवर कोपऱ्यांपासून दूर ठेवले आणि तोच अभंग तेवढ्याच आवाजात पुन्हा लावायला सांगितला. आजोबा लोडाला टेकून बसले होते. दुसरे कडवे सुरू झाले तसे ते पुढे सरकले आणि म्हणाले, "मास्तर, आता गाणारा माणूस खोलीत आला बघा."

विद्यार्थी मित्रांनो, स्पीकर तेच, गाणे तेच, कान तेच. मग बदलले काय? बदलली ती फक्त जागा, आणि स्पीकरच्या खालची वस्तू. ही वस्तू म्हणजे स्पीकरचा स्टँड. तो स्वतः आवाज करीत नाही. त्याने तीन कामे करायची असतात: स्पीकर योग्य उंचीवर धरायचा, भिंतींपासून दूर ठेवायचा आणि त्याच्याबरोबर स्वतः वाजायचे नाही. ही तीन कामे समजली की स्टँडची निवड दुकानदाराला विचारावी लागत नाही. फूटपट्टी घेऊन आपली आपल्याला करता येते.

पहिले काम: उंची

या छोट्या स्पीकरना 'बुकशेल्फ' स्पीकर म्हणतात. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी पेटी, एवढाच या नावाचा अर्थ. फळी ही त्यांची उत्तम जागा आहे, असा मात्र नाही. पेटीच्या तोंडावर बहुधा दोन पडदे असतात. खालचा मोठा तो वूफर. तो खर्ज आणि मध्यम स्वर काढतो. वरचा सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचा छोटा घुमट तो ट्वीटर. तो बारीक, तीव्र स्वर काढतो.

आता थोडे गणित. हवेतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. आपल्याकडे असते तशा ३० ते ३२ अंश सेल्सियस तापमानात तो सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. १०० हर्ट्झच्या खर्ज स्वराची तरंगलांबी ३.५ मीटर, १,००० हर्ट्झची ३५ सेंटिमीटर आणि १०,००० हर्ट्झची अवघी ३.५ सेंटिमीटर.

तरंगलांबी पडद्यापेक्षा खूप मोठी असली, तर ध्वनी सर्व दिशांना पसरतो. ती पडद्याच्या आकाराच्या जवळपास आली, की तो बॅटरीच्या झोतासारखा समोर जाऊ लागतो. म्हणून खर्ज स्वर खोलीत कुठेही ऐकू येतो, तीव्र स्वर मात्र मुख्यतः ट्वीटरच्या समोर ऐकू येतो. स्पीकर कपाटावर असला, की हा झोत खाली बसलेल्यांच्या डोक्यावरून निघून जातो.

याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. वूफर आणि ट्वीटर यांच्या कामाची वाटणी एका ठरावीक वारंवारतेपाशी होते. समजा, ती २,५०० हर्ट्झ आहे. या वारंवारतेच्या आसपास दोन्ही पडदे एकाच वेळी तोच स्वर काढीत असतात. त्याची तरंगलांबी ३५० भागिले २,५०० म्हणजे ०.१४ मीटर, अर्थात १४ सेंटिमीटर. आपण ट्वीटरच्या पातळीत बसलो, तर दोन्ही पडद्यांपासून आपले अंतर जवळजवळ सारखे असते आणि दोन्ही तरंग एकमेकांना साथ देतात.

आता त्या विद्यार्थ्याच्या घरची मोजमापे घ्या. कपाटावरचा ट्वीटर जमिनीपासून २ मीटर उंच. गादीवर बसलेल्या आजोबांचे कान सुमारे ७५ सेंटिमीटर उंच. फरक सव्वा मीटर, आणि आडवे अंतर अडीच मीटर. म्हणजे आजोबा स्पीकरच्या समोरच्या रेषेपासून सुमारे २७ अंश खाली होते. दोन पडद्यांच्या मध्यांत १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर या कोनात दोन्ही तरंगांच्या मार्गांत १५ गुणिले ०.४५ म्हणजे जवळजवळ ७ सेंटिमीटर फरक पडतो. ७ सेंटिमीटर म्हणजे १४ ची बरोबर निम्मी! एका तरंगाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात. वर्गात शिकलेले व्यतिकरण ते हेच.

यात आजोबांचे नुकसान कसे झाले ते पाहा. गाण्यातील स्वरांचा भरणा खालच्या वारंवारतांत असतो, पण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे. 'त', 'ट', 'च', 'स', 'श' यांच्या खुणा बहुतांशी २,००० हर्ट्झच्या वर असतात. गोंगाटाने कान अधू होतात तेही प्रथम ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे आजोबांच्या कानात जे आधीच कमी उरले होते, नेमके तेच कपाटाच्या उंचीने आणखी कमी केले होते.

मग उंची किती असावी? नियम सोपा आहे. आपण नेहमी जिथे बसतो तिथे बसावे आणि दुसऱ्याकडून जमिनीपासून कानापर्यंतची उंची मोजून घ्यावी. तिच्यातून पेटीच्या तळापासून ट्वीटरपर्यंतची उंची वजा करावी. राहील ती स्टँडची उंची. आजोबांचे कान ७५ सेंटिमीटरवर, पेटीच्या तळापासून ट्वीटर २२ सेंटिमीटरवर; म्हणून स्टँड ५३ सेंटिमीटरचा. खुर्चीवर बसून ऐकणाऱ्याचे कान साधारण एक मीटरवर येतात. त्याला पाऊण मीटरपेक्षा थोडा अधिक उंच स्टँड हवा. बैठकीच्या घरातला स्टँड आणि खुर्च्यांच्या घरातला स्टँड एक नव्हे. परदेशी पुस्तकातला आकडा आपल्या गादीला लागू पडेलच असे नाही.

मात्र यात सोनाराच्या काट्याची गरज नाही. अडीच मीटर अंतरावर उंचीत दहा सेंटिमीटरची चूक झाली, तर मार्गातील फरक जेमतेम ६ मिलिमीटर होतो. १४ सेंटिमीटरच्या तरंगापुढे तो नगण्य आहे. म्हणून बाजारात ५० किंवा ६० सेंटिमीटरचा तयार स्टँड मिळाला, तर आजोबांसाठी तो खुशाल घ्यावा.

दुसरे काम: भिंतीपासून दूर

विजापूरचा गोल घुमट सोलापुरातल्या अनेक मुलांनी सहलीत पाहिला असेल. १६५६ साली पुरी झालेली ही मुहम्मद आदिलशहाची कबर. आतून सुमारे ३८ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखालच्या सज्जात टाळी वाजवली, की ती पुनःपुन्हा ऐकू येते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२२ साली अशा कुजबुजत्या सज्जांवर लेख लिहिला, त्यात या घुमटाचाही अभ्यास होता.

घरातल्या खोलीत प्रतिध्वनी ऐकू येत नाही, म्हणून भिंत गप्प बसते असे समजू नका. प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी तो मूळ ध्वनीनंतर सुमारे एकदशांश सेकंदाने यावा लागतो. म्हणजे भिंत सुमारे १७ मीटर दूर हवी. स्पीकरमागे अर्ध्या मीटरवर असलेली भिंत ध्वनी परत पाठवते तो सेकंदाच्या तीनसहस्रांश भागात. कान त्याला वेगळा ओळखत नाही. तो मूळ ध्वनीत मिसळून जातो आणि त्याची चव बदलतो.

खर्ज स्वराची तरंगलांबी साडेतीन मीटर. भिंत जर ३० सेंटिमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ६० सेंटिमीटरचाच फरक पडतो. मूळ आणि परावर्तित तरंग जवळजवळ एकत्र चालतात आणि स्वर फुगतो. भिंत अगदी जवळ असली, तर त्या स्वराचा ध्वनिदाब दुपटीपर्यंत जातो. कपाटाच्या माथ्यावर तर मागची भिंत, बाजूची भिंत आणि वरचे छत अशी तीन पृष्ठे एकाच कोपऱ्यात मिळतात. तो कोपरा खर्जाचा भोंगा बनतो. मृदंगाची थाप फुगते आणि तिच्याखाली शब्द दडपले जातात. "नुसते घुमते" म्हणून विद्यार्थ्याने सांगितले, ते हेच.

स्टँडचा मोठा फायदा हा, की तो स्पीकरला कपाट आणि फळी यांच्या तावडीतून सोडवून खोलीत पुढे आणतो. छोट्या खोलीत मागच्या भिंतीपासून ४० ते ६० सेंटिमीटर अंतर मिळाले तरी पुष्कळ. मात्र जमीन, मागची भिंत आणि बाजूची भिंत ही तिन्ही अंतरे सारखी ठेवू नयेत. भिंतीचे अंतर तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतके असले, की परत आलेला तरंग उलटा पडतो आणि तो स्वर क्षीण होतो. ५० सेंटिमीटर अंतराला हे १७५ हर्ट्झपाशी घडते. तिन्ही अंतरे सारखी असतील, तर एकाच स्वरावर तिहेरी घाव बसतो. वेगवेगळी असतील, तर तोटा वाटला जातो.

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. दोन कानांना मिळणाऱ्या ध्वनींतील बारीक फरकावरून दिशा ओळखणे, हेच स्टिरिओचे तत्त्व आहे. इंग्लंडमधील अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली त्याचे पेटंट मागितले होते. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा दाराजवळ ठेवला, तर त्या तत्त्वाला काही अर्थ उरत नाही.

तिसरे काम: गप्प राहणे

प्रयोगशाळेतील नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटा आणि हातात धरा. आवाज जेमतेम ऐकू येईल. आता त्याचा दांडा टेबलावर टेकवा. आवाज एकदम मोठा होतो. नादकाट्याच्या बारीक भुजा थोडीच हवा हलवतात. टेबलाचा रुंद पृष्ठभाग कंप पावू लागला, की पुष्कळ हवा हलते. यांना प्रेरित कंपने म्हणतात. टेबलाच्या स्वतःच्या स्वराशी स्वर जुळला, तर अनुनाद होऊन कंपने आणखी वाढतात.

या गुणावर आपल्याच जिल्ह्यातले एक पीक उभे आहे. पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूला मोठमोठे भोपळे पिकवतात. वाळवलेले हे भोपळे मिरजेला जातात आणि तेथील कारागीर त्यांपासून तंबोरे व सतारी करतात. नुसती तार फार हळू बोलते. तिची कंपने घोडीवाटे तबलीला आणि भोपळ्याला मिळतात, तेव्हा तंबोरा भरून बोलतो. भोपळ्याने वाजावे म्हणूनच तो निवडलेला असतो.

स्टँड म्हणजे या भोपळ्याच्या अगदी उलट वस्तू. स्पीकरमध्ये गाण्याचे सगळे रंग आधीच आलेले आहेत. खालच्या वस्तूने त्यात स्वतःचा रंग मिसळायचा नाही. लोखंडी कपाटाचा पोकळ पत्रा हा मात्र भोपळ्याचा भाऊ. त्या घरी विशिष्ट स्वर लागला, की कपाटातले हँगरसुद्धा वाजत!

हा परिणाम किती मोठा असतो? न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार वूफरचा पडदा पुढे गेला, की पेटी मागे ढकलली जाते. पडद्याचे वस्तुमान १० ग्रॅम आणि पेटीचे ६ किलोग्रॅम धरले, तर पडदा २ मिलिमीटर हलला असता मोकळी पेटी हलते मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाइतकी. म्हणजे फारच थोडी. म्हणून महागड्या स्टँडने स्वर्ग उतरतो, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. उंची आणि भिंतीचे अंतर यांचा परिणाम याहून बराच मोठा असतो. पण खाली पोकळ, रुंद पत्रा असला, तर एवढीशी हालचालही त्याला बोलते करायला पुरते.

स्टँड मुका आहे की बोलका, हे बोटाच्या पेराने कळते. बाजारात मडके घेताना आपण टकटक करून टणटणीत वाजणारे निवडतो. स्टँड निवडताना उलट करावे. 'टण्ण' वाजला तर सोडावा. 'धप्प' वाजला तर घ्यावा. लोखंडी नळीचा स्टँड टणटण करीत असेल, तर तिच्यात कोरडी, चाळलेली वाळू भरतात. नळी कंप पावू लागली, की वाळूचे कण एकमेकांवर घासतात, कंपनांच्या ऊर्जेची उष्णता होते आणि नाद लगेच विरतो. वाळू उन्हात नीट वाळवावी, नाहीतर आतून गंज चढतो.

पेटी आणि स्टँड यांच्यामध्ये रबराचे चार छोटे तुकडे ठेवावेत. तबल्याखाली चुंबळ असते ना? तिच्यामुळे तबला स्थिर बसतो आणि त्याची कंपने जमिनीत जात नाहीत. रबराचे तुकडे ही स्पीकरची चुंबळच.

पडणार तर नाही ना?

विद्यार्थ्याच्या आईचा प्रश्न अगदी रास्त होता. "सर, स्पीकर खाली आणला, पण पोरीने ओढला तर?" ही भीती खरी आहे. सहा किलोची पेटी तीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडणे ही काही गमतीची गोष्ट नव्हे.

याचेही गणित आहे. वस्तू कलते तेव्हा गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा पायाच्या बाहेर गेली, की ती पडते. समजा, स्टँड ५० सेंटिमीटर उंच, ४ किलोचा आणि पाया ३० सेंटिमीटर चौरस. स्टँडचा गुरुत्वमध्य २० सेंटिमीटरवर आणि पेटीचा ६५ सेंटिमीटरवर असेल, तर दोघांचा मिळून सुमारे ४७ सेंटिमीटरवर येतो. अशी जोडी साधारण १८ अंश कलली की पडेल. आता नळीचा खालचा पाऊण भाग वाळूने भरा. ६ किलो वाळू खाली बसली, की गुरुत्वमध्य सुमारे ३६ सेंटिमीटरवर उतरतो आणि पडण्याचा कोन २२ अंशांवर जातो. शिवाय एकूण वजन १६ किलो झाल्याने मुळात कलवायलाच जोर लागतो. नळी काठोकाठ भरू नये, कारण वरची वाळू गुरुत्वमध्य पुन्हा वर नेते.

पायांचाही विचार करा. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते. पण तेवढ्याच रुंदीच्या चौरस पायापेक्षा ती बाजूला लवकर कलते. म्हणून मुले असलेल्या घरी चौरस पाया आणि खाली फिरवून वरखाली करता येणारे चार बोल्ट, ही व्यवस्था बरी. काही स्टँडना खाली टोकदार खिळे असतात. जाड गालिच्यातून पलीकडे जाऊन जमीन पकडावी, हा त्यांचा हेतू. आपल्या फरशीवर त्यांचा उपयोग नाही. १६ किलो वजन चार टोकांवर आणि प्रत्येक टोक एक चौरस मिलिमीटरचे मानले, तर फरशीवर सुमारे ४०० वातावरणांचा दाब पडतो! फरशीवर चरे पडतील. तेथे रबरी बूट घालावेत.

एवढ्यावर न थांबता पेटी पट्ट्याने स्टँडला बांधावी. तारा भिंतीच्या कडेने न्याव्यात, म्हणजे पायात अडकणार नाहीत. नात फार लहान असेल, तोवर स्टँडची खालची बाजू भिंतीला साखळीने अडकवली तरी चालेल. शास्त्र घरातल्या माणसांसाठी असते, माणसे शास्त्रासाठी नव्हेत.

शेवटी काय झाले?

त्या विद्यार्थ्याने दुकानात नव्वद सेंटिमीटर उंचीचा, काचेच्या पायाचा नाजूक स्टँड हेरून ठेवला होता. दिसायला सुरेख, पण बैठकीला फार उंच आणि हलका. तो बेत रद्द झाला. जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून त्याने दहा सेंटिमीटर चौरस नळीचे, ५३ सेंटिमीटर उंचीचे दोन स्टँड करून घेतले. वाळू त्याने आणि नातीने मिळून गच्चीवर वाळवली. स्पीकर विकले गेले नाहीत.

आणि आजोबा? ते म्हणाले, "पुष्कळ शब्द कळतात आता. सगळे नाही." हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. स्टँडने जेवढे हरवले होते तेवढे परत दिले. मागांनी नेले ते तो परत देऊ शकत नाही. दुसऱ्याच आठवड्यात नातू त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी घेऊन गेला. कोणते दुखणे खोलीचे आणि कोणते कानाचे, हे आता वेगळे कळले होते.

करून पाहा

१. मोबाइलवर पावसाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण स्पीकरवरून लावा. स्पीकरसमोर दोन मीटरवर हळूहळू उठा आणि बसा. 'स्स' असा बारीक आवाज कोणत्या उंचीवर सर्वांत स्पष्ट येतो? ती उंची ट्वीटरच्या उंचीशी ताडून पाहा.

२. नादकाट्याचा दांडा क्रमाने लाकडी टेबल, लोखंडी कपाट, शहाबादी फरशी आणि वाळूने भरलेला डबा यांवर टेकवा. आवाजाच्या मोठेपणाने त्यांचा क्रम लावा. स्पीकर यांपैकी कशावर ठेवाल?

३. घरातील प्रत्येक माणूस नेहमीच्या जागी बसला असता त्याच्या कानांची उंची मोजा आणि तुमच्या घराला किती उंचीचा स्टँड लागेल ते काढा. सर्वांत आधी, ज्यांना कमी ऐकू येते त्यांची उंची मोजा.